तू जवळ तरी हुरहूर कशी
शब्द-सूर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं : प्रेमगीतात ओढ असते, तशी हे सगळं मोडेल की काय ही धास्तीही असते. ती लिहिताना, तिला चाल लावताना, ती गाताना नेमकं कुठे अडतं? इंदूरहून आणि आसपासच्या महू-देवासहून आलेल्या पत्रांतले आठ प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं देणाऱ्या आम्हा दोघांपैकी एकाचं लक्ष शब्दांकडे, दुसऱ्याचं सुरांकडे. उत्तरं दोघांनी मिळून लिहिली आहेत.

मी प्रेमगीतं लिहितो. दोघं एकत्र आहेत, सगळं छान आहे, तरी 'हे टिकेल ना?' ही धास्ती मला गाण्यात आणायची असते. पण दुसऱ्या कडव्यापर्यंत त्याचं रडगाणं होतं. मित्र विचारतात, 'अरे, ती गेली का?' काय चुकतं? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

मित्रांचा प्रश्न हीच गाण्याची खरी परीक्षा. 'ती गेली का?' असं ऐकणाऱ्याला वाटलं, म्हणजे गाणं धास्तीचं उरलं नाही, विरहाचं झालं. आपल्या काव्यशास्त्राने या दोन गोष्टी फार बारकाईने वेगळ्या केल्या आहेत. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त विप्रलंभ शृंगाराचे, म्हणजे वियोगातल्या प्रेमाचे, चार प्रकार आहेत : पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण. सोळाव्या शतकात रूप गोस्वामींनी 'उज्ज्वलनीलमणी'त जे चार सांगितले, त्यांत एक आहे प्रेमवैचित्त्य. प्रिय माणूस शेजारी बसलेलं असताना, प्रेम फार दाटून आल्यामुळेच, ते दूर गेल्यासारखी कळ उठणं. तुम्हाला लिहायचंय ते हे.

आणखी एक खूण भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. करुण रस निरपेक्ष असतो, त्यात आशा संपलेली असते. विप्रलंभ सापेक्ष असतो, त्यात वाट पाहणं शिल्लक असतं. तुमच्या दुसऱ्या कडव्यात आशा संपते, म्हणून ऐकणारा सांत्वनाला धावतो. शिवाय शंका, चिंता, औत्सुक्य हे ३३ संचारी भावांपैकी आहेत. संचारी म्हणजे येऊन जाणारे. शंका एका ओळीत डोकावली आणि पुढच्या ओळीत प्रेमात विरघळली, की गाणं जिवंत राहतं. ती ठाण मांडून बसली की शृंगार संपतो.

आता तुमचं गीत समोर घ्या आणि सगळी क्रियापदं अधोरेखित करा. 'होतीस', 'गेलीस' ही तर उघडच तिला घालवून देतात. पण सर्वांत घातक 'हसायचीस', 'यायचीस' ही रूपं. रीतिभूतकाळ आला की माणूस फोटोच्या चौकटीत जातो. तिथे 'हसतेस', 'येतेस' करा. ओळीची मात्रा बिघडली तर ओळ नव्याने लिहा, पण वर्तमानकाळ सोडू नका.

मग 'ना' शोधा. 'येशील' हे विधान आहे, 'येशील का' हा साधा प्रश्न आहे. 'येशील ना' यात हवं ते उत्तर आधीच घट्ट धरलेलं असतं आणि तरी विचारल्याशिवाय राहवत नाही. धास्तीचं सगळं गाणं या एका अक्षरात मावतं, म्हणून ते उधळू नका. धृपदाच्या शेवटी एकदा ठेवलं तर पुरतं. प्रत्येक कडव्यात आलं तर लाडिक वाटतं.

तिसरी गोष्ट प्रतिमेची. जी वस्तू स्वतःच बदलाच्या काठावर उभी आहे ती घ्या. नमुन्यादाखल दोन ओळी :

तू जवळ तरी हुरहूर कशी
दारात उभी ही सांज जशी

मात्रा मोजा. ह्रस्व अक्षराची १, दीर्घाची २. दोन्ही ओळी १६ मात्रांच्या आणि चार-चारांत पडणाऱ्या : तू जव । ळ तरी । हुरहू । र कशी. 'विरह', 'दुरावा', 'अश्रू' यांतला एकही शब्द इथे नाही. सांज अजून आत आलेली नाही, पण ती येणार हे कुणाला सांगावं लागत नाही. इंदूरचे कवी अशा वेळी समुद्राच्या लाटा आणि किनारा का आणतात, कळत नाही. आपण साधारण ५५० मीटर उंचीच्या पठारावर राहतो. दिवसभर तापलेल्या गच्चीवर रात्री अचानक गार वारा येतो. 'शब-ए-मालवा' म्हणून ज्या रात्रीचं नाव झालं ती ही. अंगावर येणारी ती गार झुळूक सुखाची असते आणि तिनेच शाल ओढून घ्यावीशी वाटते. एवढं हाताशी असताना दुसऱ्याची भरती-ओहोटी उसनी घ्यायची गरज नाही.

शेवटचं : शेवटच्या कडव्यात निकाल देऊ नका. ती राहिली असंही नको, गेली असंही नको.

ठुमरी शिकते आहे. गुरू सारखं विचारतात, 'ही नायिका कोण?' मला फक्त 'विरहिणी' एवढंच सुचतं. (एक विद्यार्थिनी, स्नेहलतागंज)

शास्त्रात अशा आठ नायिका आहेत. गाण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. तो कुठे आहे? येण्याचा शब्द दिलाय का? ती वेळ टळली का? शब्द दिलाय आणि वेळ व्हायचीय, तर ती वासकसज्जा. वेळ टळलीय, पण काही कारण घडलं असेल असं मन सांगतंय, तर विरहोत्कंठिता. ठरल्या जागी गेली आणि तो आलाच नाही, तर विप्रलब्धा. तो परगावी आहे, तर प्रोषितभर्तृका. भांडून स्वतःच घालवलं आणि आता पस्तावते आहे, तर कलहांतरिता. रात्र दुसरीकडे काढून तो सकाळी दारात आला, तर खंडिता. उरलेल्या दोघी, स्वाधीनभर्तृका (प्रियकर जिच्या मुठीत आहे ती) आणि अभिसारिका (स्वतःच त्याला भेटायला निघते ती), यांना वाट पाहत बसावं लागत नाही.

धास्तीची खरी जागा वासकसज्जा आणि विरहोत्कंठिता यांच्या मधली, घटकाभराची. बोलबनावात, म्हणजे तेच शब्द वेगवेगळ्या स्वरांनी रंगवताना, ती दाखवायची तर 'अजून नाही आले' एवढे तीन शब्द घेऊन बसा. 'अजून'वर स्वर लांबवला तर उत्कंठा येते, 'नाही'वर थांबलात तर फसवणूक ऐकू येते. रोज एका नायिकेला दहा मिनिटं द्या आणि त्या दहा मिनिटांत दुसरीला शिरू देऊ नका. दीपचंदी तालाच्या १४ मात्रा (३+४+३+४) संथ असल्याने या फेरफाराला जागा मिळते. शेवटची लग्गी, म्हणजे तबल्याची जलद वाजवणी, मात्र आखडती ठेवा. लय दुप्पट झाली की तबला रंगतो, लोक माना डोलावतात आणि नायिका विसरली जाते. लग्गी संपवून मुखड्यावर (पहिल्या ओळीवर) परत आलात की निदान दोन आवर्तनं (तालाच्या फेऱ्या) त्याच जुन्या संथपणाने गा.

पेटीवर चाली लावतो. दुःख हवं असलं की कोमल स्वर घेतो, पण सगळ्या चाली एकसारख्या उदास होतात. ओढ आणि भीती दोन्ही हव्यात. (सुदामानगर)

सगळे कोमल स्वर सुरुवातीपासून लावलेत तर पहिल्या ओळीतच कळतं की घर बुडालंय. मग भीती कशाची उरली? भीती ऐकू येते ती शुद्ध स्वर कोमल होतो त्या क्षणी. तो क्षण राखून ठेवायचा असतो.

वर दिलेल्या ओळीवर करून पाहा. भूप रागाचे पाच स्वर घ्या : सा रे ग प ध. केरवा ताल ८ मात्रांचा, म्हणजे एका ओळीला दोन आवर्तनं.

तू ऽ ज व । ळ त री ऽ । हु र हू ऽ । र क शी ऽ
सा ऽ रे ग । प प ग ऽ । ध प ग ऽ । प ग रे ऽ

दहा वेळा अशीच गा. प्रेमाची, निवांत ओळ आहे. आता 'हुरहूर'मधल्या 'हू'पासून पुढे फक्त गंधार (ग) कोमल करा, म्हणजे अर्ध्या स्वराने उतरवा, बाकी काही बदलू नका. भूपाचा गंधार कोमल केला की शिवरंजनीचे स्वर होतात. 'तू जवळ तरी' शुद्ध गंधाराने आणि 'हुरहूर कशी' कोमल गंधाराने. सुगम संगीतात हे चालतं. दुसऱ्या ओळीत, 'दारात उभी'ला, गंधार पुन्हा शुद्ध करा. शंका आली आणि गेली. प्रत्येक ओळीत हा खेळ करू नका. धृपदात एकदा आणि शेवटच्या कडव्यात एकदा, बस.

पहिल्या ओळीचा शेवट रिषभावर (रे) आहे हेही पाहा. षड्जावर (सा) आणलात तर वाक्य पूर्ण होतं, प्रश्न राहत नाही. दुसरी ओळ हवी तर षड्जावर मिटवा, पण गाणं संपवताना पहिली ओळ पुन्हा घेऊन रिषभावरच सोडा. यमनसारख्या चालीत हेच काम निषाद (नी) करतो.

अडचण कुठे येईल तेही सांगतो. कानाला शुद्ध गंधाराची सवय झालेली असते, म्हणून कोमल गंधार पुरता खाली उतरत नाही, दोघांच्या मध्ये लोंबकळतो आणि लोकांना बेसूर वाटतो. काळी एक पट्टीत, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरली तर, शुद्ध गंधार पांढरी चारवर आणि कोमल गंधार पांढरी तीनवर येतो. तानपुरा सा-पवर लावा. सा रे ग, सा रे कोमल ग, असं आलटून-पालटून आधी पेटीबरोबर आणि मग पेटी बंद करून गा. पेटी बंद असताना जमलं की जमलं.

तयार रागांत शोधायचं तर जोग पाहा. त्यात दोन्ही गंधार आहेत, चढताना शुद्ध, उतरताना कोमल. पिलूतही दोन्ही गंधार आणि दोन्ही निषाद येतात, म्हणून हसता-हसता डोळे भरून आणायचे तर पिलूसारखा सोयीचा राग नाही. मारवा वेगळा. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य, आणि षड्जावर टेकणं कमीत कमी, त्यामुळे पायाखाली जमीन नसल्यासारखं वाटतं. सूर्यास्ताचा राग आहे. इंदूर घराण्याच्या अमीर खाँसाहेबांचा मारवा ध्वनिमुद्रित आहे. तो ऐकताना षड्ज किती वेळाने येतो याकडे कान ठेवा. मारवा लावताना तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादावर मिळवतात. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर ते बटण फिरवायचं विसरलात तर चाल कितीही चांगली असो, पंचम मागे घुमत राहील आणि सगळी अस्वस्थता पुसून टाकील.

माझी ओळ अशी आहे : 'सांजावले, येशील ना? वारा तुला सांगेल ना?' तबलजी रूपक ताल वाजवतात. मी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, 'सां' घेते आणि दर वेळी अडखळते. लय किती ठेवू? (विजयनगर)

ओळ छान आहे, ताल बरोबर आहे, चुकते ती उचल, म्हणजे ओळ सुरू करण्याची जागा. तुमचा प्रत्येक तुकडा ७ मात्रांचा आहे : सां २, जा २, व १, ले २. रूपकाचे विभाग ३+२+२ : ती ती ना । धी ना । धी ना. समेवर 'सां' घेतलात की 'जा' तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पसरतो आणि चौथ्या मात्रेची 'धी' त्याच्या पोटात आदळते. अडखळणं तिथलं आहे.

'सां' सहाव्या मात्रेवर उचला. म्हणजे 'सां' ६-७वर, सम 'जा'वर, 'व' तिसरीवर, 'ले' ४-५वर. पुन्हा 'ये' ६-७वर, सम 'शी'वर, 'ल' तिसरीवर, 'ना' ४-५वर. अक्षरं आणि विभाग कात्रीत न सापडता बसतात. रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे तालाच्या रिकाम्या जागेवर, असते, तिथे डग्गा घुमत नाही. म्हणून 'जा', 'शी' पोकळीत पडतात आणि डग्ग्याची पहिली भरीव 'धी' येते 'ले'वर आणि 'ना'वर. तुमच्या ओळीतला सगळा जीव त्या 'ना'त आहे आणि ठेक्याचं वजनही नेमकं तिथेच मिळतं. तबलजींना सांगा, 'ना'वरची 'धी' जरा दाबून वाजवा, पुढचं 'धी ना' हलकं सोडा.

लय मिनिटाला ९० मात्रांच्या आसपास ठेवा. 'सांजावले, येशील ना' या १४ मात्रांना त्या लयीत सव्वानऊ सेकंद लागतात, एका श्वासात येतं. ६० ठेवलीत तर तेच १४ सेकंद होतं आणि 'ना'पर्यंत हवा उरत नाही. १२०वर ७ सेकंदांत उरकतं, पण मग वाट पाहिल्यासारखं वाटत नाही. संथ म्हणजे गहिरं असा समज इंदुरात पुष्कळांचा आहे, कारण अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित (अगदी संथ) झुमरा ताल कानात बसलाय. तिथे १४ मात्रांच्या त्या लांबच लांब आवर्तनात आलाप भरलेला असतो. भावगीतात भरायला तेवढं काही नसतं, नुसती भोकं पडतात.

श्वासाची जागा आधीच ठरवा. ओळ लगेच परत घ्यायची असेल तर 'सां' पुन्हा सहाव्या मात्रेवर हवा. म्हणून शेवटचा 'ना' चौथीवर तोडा आणि पाचवीवर श्वास घ्या. नाहीतर एक पूर्ण आवर्तन रिकामं सोडा, व्हायोलिनला द्या.

घरात मराठी, बाहेर सगळी हिंदी. मराठी गीत लिहायला बसलो की 'याद', 'दिल', 'हृदय तुटलं' असंच येतं. पुण्याचे नातेवाईक हसतात. (महू)

'याद' आणि 'दिल' यांची लाज बाळगू नका. पेशवाईतल्या लावणीत फारसी-हिंदुस्तानी शब्द सर्रास आहेत आणि ते तिथे शोभतात. 'वाट बघून राहिलो' हेही आपल्या आणि वऱ्हाडाकडच्या बोलण्यात आहे. बोलगीतात ते ठेवा. त्यातलं 'राहिलो' कान देऊन ऐका, थांबून थांबून पाय दुखल्याचं त्यात आपसूक येतं.

'हृदय तुटलं'बद्दल मात्र नातेवाइकांचं बरोबर आहे. मराठीत मन मोडतं, धीर सुटतो, काळीज फाटतं. आणि 'जीव तुटणं' याचा अर्थ तर निराळाच : दुसऱ्यासाठी कळवळणं. 'तुझ्यासाठी जीव तुटतो' म्हणणारा स्वतः मोडलेला नसतो, माया करत असतो. तुम्ही प्रेमभंगासाठी हा शब्द वापरलात तर मराठी कानाला दया ऐकू येईल. मोडण्याआधीच्या भीतीसाठी तर भाषेत खजिना आहे. जीव टांगणीला लागतो, जीव खालीवर होतो, छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, काळजात चर्र होतं, आणि शंकेची पाल चुकचुकते. यांतलं एकही भाषांतरातून आलेलं नाही.

ओढीचे शब्दही एकमेकांच्या जागी टाकू नका. 'ओढ' (३ मात्रा) कुणाची तरी असते, तिला माणूस लागतो. 'आस' (३) लांबच्या, उशिरा मिळणाऱ्या गोष्टीची. 'हुरहूर' (५) विनाकारण लागते, बहुतेक संध्याकाळी. 'तगमग' (४) शरीराची, बसवत नाही. 'घालमेल' (६) जाऊ की थांबू अशा दोन वाटांमधली. 'काहूर' (५) विचारांच्या गर्दीचं, ते माजतं. 'धाकधूक' (६) थोड्या वेळाची, निकाल लागेपर्यंतची. 'धास्ती' (४) दिवसचे दिवस पुरते. 'रुखरुख' आणि 'चुटपुट' (दोन्ही ४) घडून गेल्यानंतरच्या आहेत, म्हणून धास्तीच्या गाण्यात त्यांना जागा नाही. फक्त मात्रा जुळतात म्हणून 'तगमग'च्या जागी 'रुखरुख' टाकणारे कवी पुष्कळ आहेत. ओळ बसते आणि अर्थ उलटा होतो.

भावगीत गाताना नेमक्या भरून येण्याच्या जागी माझा गळा दाटतो आणि स्वर फाटतो. लोक म्हणतात, भाव छान आहे, पण परीक्षक गुण कापतात. (लोकमान्यनगर)

रडू येऊ लागलं की श्वास वर छातीत चढतो आणि स्वरयंत्राभोवतीचे स्नायू आवळतात. त्या अवस्थेत स्वर एक तर चिरका निघतो किंवा बसतो. यावर उपाय भाव कमी करणं नाही, शरीराची तयारी वाढवणं आहे.

आधी पट्टी बघा. काळी पाचमध्ये गात असाल तर आठवडाभर पांढरी सहात गाऊन पाहा, अर्ध्या स्वराने खाली. इंदुरातच २८ सप्टेंबर १९२९ रोजी जन्मलेल्या लताबाईंची गाणी त्यांच्याच मूळ पट्टीत गायची, हा हट्ट इथल्या मुलींमध्ये फार आहे. गळा तिथे ताणलेलाच असतो, मग भाव दाटायला जागा कुठून राहणार?

मग तीन फेऱ्या करा. पहिली फेरी : शब्द नुसते वाचा, शेजारी बसलेल्याला सांगितल्यासारखे. दुसरी : शब्द काढून सगळी चाल आकारात, नुसतं 'आ' म्हणत. दाटण्याची जागा इथे बिनधास्त पार होते आणि गळ्याला रस्ता कळतो. तिसरी : शब्दांसह, पण त्या जागेच्या आधीच्या शब्दापाशी पोटातून श्वास घेऊन. ही जागा वहीत काट्याने खूण करून ठेवा आणि दर वेळी तिथेच श्वास घ्या. 'हुरहूर', 'हळवा', 'हाक' असे 'ह'चे शब्द हवा खातात. त्यांच्या आधी छाती भरलेली नसेल तर पुढचं अक्षर कापरं येतं.

हुंदका दाखवायचा असेल तर तो कणस्वराने दाखवा. गंधारावर येताना पंचमाला निसटता स्पर्श करून खाली या, झटकन. किंवा पंचमापासून गंधारापर्यंत न तुटणारी मींड घ्या (घसरत या) आणि गंधारावर पोचल्यावर आवाज निम्मा करा. ऐकणाऱ्याला तो उसासा वाटतो, तुमचा स्वर मात्र जागेवर असतो. एका कडव्यात असं एकदाच. दोनदा केलंत की ती लकब होते.

माइक तोंडापासून वीतभर आणि किंचित तिरका. अगदी ओठांशी धरला की आवाजातला खर्ज फुगतो, आणि 'फ', 'भ', 'ह' यांची हवा धपकन आदळते. आवाज हळू करायच्या जागी माइक दोन बोटं जवळ आणा. गळा दाबून हळू गाऊ नका.

पेटीवर मींड येत नाही, मग अशा गाण्याला पेटी घ्यावी का? (देवास)

घ्या, पण वादकाला सांगून ठेवा. पेटीच्या पट्ट्यांचे स्वर ठरलेले, दोन स्वरांमधलं अंतर ती उडी मारून ओलांडते. गायक पंचमावरून गंधारावर घसरत येत असताना पेटीवाला तेच स्वर सुटे-सुटे वाजवू लागला तर मींड चिरून जाते. त्या जागी त्याने फक्त पोचायचा स्वर धरावा, किंवा हात उचलावा. सोबतीला व्हायोलिन किंवा सारंगी असेल तर मींडेची जागा त्यांना द्या.

गणेशोत्सवात आमच्या मंडळाचा दीड तासाचा प्रेमगीतांचा कार्यक्रम आहे. गेल्या वर्षी सगळी विरहाची गाणी निवडली आणि लोक उठून गेले. यंदा क्रम कसा लावावा? (तिलकनगर)

निवेदन धरून एका गाण्याला सहा मिनिटं लागतात, म्हणजे दीड तासात १५ गाणी. त्यांतली चार धास्तीची, तीन उघड विरहाची, उरलेली आठ आनंदाची, थट्टेची, रुसव्याची. धास्तीचं गाणं आनंदाच्या गाण्यानंतर लगेच ठेवा. विरहाच्या गाण्यानंतर ठेवलंत तर त्यातली भीती कुणाला जाणवणार नाही, जे मोडायचं ते आधीच मोडलेलं असेल. एकाच तालाची आणि एकाच लयीची तीन गाणी सलग येऊ देऊ नका. दादरा, केरवा, रूपक आलटून-पालटून घ्या.

तबल्याचा विचार सगळ्यांत आधी करा, मंडळं तो सगळ्यांत शेवटी करतात. तबला गायकाच्या षड्जात मिळवलेला असतो. पुरुष काळी एकमध्ये आणि बाई काळी पाचमध्ये गाणार असतील तर एक तबला चढवून-उतरवून भागत नाही. दर गाण्याला हातोडीची ठकठक ऐकावी लागते आणि तेवढ्यात रंग उतरतो. दोन तबले आधीच दोन पट्ट्यांत मिळवून ठेवा, डग्गा एकच पुरतो. दोनच पट्ट्यांत सगळे गायक बसत नसतील तर एका पट्टीची गाणी दोन-तीन करून एकत्र लावा आणि मधल्या निवेदनाला एक मिनिट जास्त द्या, तेवढ्यात तबला मिळतो. निवेदकाला बजावून ठेवा : 'आता एक दुःखी गाणं' असं सांगायचं नाही.